कोपराचे बारा आठवडे

२० ऑगस्ट २००७, सोमवार

झालं! उजव्या कोपराच्या जुन्या दुखण्यावर दोन हजार ठोके. कल्याणच्या डॉक्टरांनी थंडगार चिकट मलम चोपडलं, पिस्तुलासारखं यंत्र टेकवलं आणि टकटकटक. डोळ्यांत पाणी आलं, पण हात हलवला नाही. सोसतंय का, विचारत होते. म्हटलं, वीस वर्षं गवत कापतेय, चालू द्या.

अजून दोन सोमवार. मग दसरा झाला की माळावर मी आणि माझा विळा.

२२ ऑगस्ट

धाकटे दीर जैतूभावजी, त्यांची मुलगी काजल मुरबाडच्या कॉलेजात शास्त्र शिकते. तिने ह्या ठोक्यांवरचे कागद संगणकावरून काढून आणले. इंग्रजी तिने सांगितलं, मी मराठीत उतरवलं.

आमच्याकडे सगळ्यालाच शीर म्हणतात. खरा शब्द कंडरा – स्नायू हाडाला बांधणारी दोरी. तिच्यात पेशी असतात, त्याच दोरीचे तंतू विणतात. जुन्या दुखण्यात तंतू विस्कटतात. ठोके बसले की पेशी पुन्हा कामाला लागतात, वाढतात, नवे तंतू करतात. प्रयोगशाळेत बशीत पेशी वाढवून बघितलंय म्हणे. बेताचे ठोके दिले तर वाढल्या, फार जोराचे दिले तर मेल्या! आणि सगळ्याच माणसांना गुण येतो असं नाही. हे काजलने हळू आवाजात सांगितलं. मी पुन्हा सांगायला लावलं. खरं ते कळलेलं बरं.

माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं वाचन ह्यांनी आणलेल्या रद्दीवर. शब्द अडला की ह्यांना विचारायची. त्यांनाही यायचा नाही, पण बिनदिक्कत काहीतरी सांगायचे. आज ‘कंडरा’ लिहिताना मान वर गेली. समोरचा पाट रिकामा. चार वर्षं झाली.

२६ ऑगस्ट

जैतूभावजी ओटीवर येऊन बसले. पुन्हा तेच – माळ गवताच्या वखारवाल्याला द्या. तो दोघांचे माळ मिळून घेईल, एकटा तुकडा नको म्हणतो. पाच वर्षांचा करार, कापायला त्याची माणसं. “वयनी, चहाचा टोप उचलत नाय तुमच्यान, माळ काय कापताव?”

पाच वर्षांनी माळ कोणाचा, कोण सांगणार? ह्यांच्या मागे तेवढाच माझ्या हातात आहे. म्हटलं, यंदा मी कापला नाही तर देईन.

शब्द दिला. दिला तर दिला.

३ सप्टेंबर

तिसरी खेप. घरी येईस्तो कळ नाहीच! हात पिसासारखा.

४ सप्टेंबर

बांधावर म्हशीसाठी हिरवं कापलं. तीन भारे. ह्यांची आठवण आली. माझ्या विळ्याला धार लावत बांधावरच बसायचे.

५ सप्टेंबर

कप धरवत नाही.

१० सप्टेंबर

डॉक्टर रागावले नाहीत, ते जास्त लागलं. ठोक्यांनी काही वेळ दुखणं बधिर होतं, तेवढ्यावर दोरी झाली असं धरायचं नाही. पेशी आत्ता कुठे कच्चे तंतू घालतायत आणि मी त्यांवर तीन भारे टाकले. पण फार बिघडलं नसावं म्हणाले. हलका व्यायाम द्यायचा, हळूहळू वाढवायचा. बारा आठवडे विळा नको. मी आपल्या मनाने दुखण्याच्या गोळ्या घेत होते, त्याही बंद करायला लावल्या.

बोटं मोजली. नोव्हेंबर संपतो. गवत तोवर थांबत नाही.

१२ सप्टेंबर

पाण्याचा तांब्या उजव्या हातात, मनगट वर-खाली, दहादा. दिवसातून तीनदा. चुकवणार नाही.

१४ ऑक्टोबर

भरलेली कळशी उचलली! दुखलं थोडं. पण उचलली.

२२ ऑक्टोबर

दसरा झाला. माळ पिवळा पडला. शेजारची सकुबाई म्हणाली, सावड करू – आज सगळ्या तुझ्याकडे, उद्या सगळ्या माझ्याकडे, मजुरीचा प्रश्न नाही. मी नको म्हटलं. हात फेडायला हात नको का?

“पुढल्या सालाला फेड. मरत नायस गो तू एवढ्यात!”

तरी नको म्हटलं.

२४ ऑक्टोबर

विळा काढला. मुठीत धरला. जमत होतं. कापता आलं असतं, पहिला दिवस तरी. अर्धा तास तशीच उभी होते. मग आढ्याला खोचून ठेवला आणि सकुबाईकडे गेले. वीस वर्षांत पहिल्यांदा कोणाकडे असं मागायला गेले. ती भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, आठ जणींना सांगून ठेवलंय कधीच.

३ नोव्हेंबर

माळ कापून झाला. मी डाव्या हाताने पेंढ्या बांधल्या आणि जेवण दिलं. त्या आठांतली हिराबाई म्हणाली, असल्या मालकिणी आम्हाला रोज मिळोत. भावजी बांधावरून बघून गेले. शब्द ‘मी कापला नाही तर’ असा होता; उद्या मागायला येतील.

४ नोव्हेंबर, रविवार

भावजी मागच्या दाराने आले. उजवा हात पुढे केला. मूठ मिटेना. दोन वर्षं झाली म्हणाले, कोणाला सांगितलं नाही. काजलला ते कागद त्यांनीच शोधायला लावले होते. “वखारवाला करारात माझा एकट्याचा माळ घेत नव्हता, वयनी.”

म्हटलं, ठोके घेऊन बघा. सगळ्यांना गुण येत नाही, हेही सांगितलं. उद्या सहाच्या एसटीने दोघं कल्याणला. वखारवाल्याचं राहिलं; त्यांचं गवत बुधवारपासून बायका सावडीने कापतील, पेंढ्या मी बांधीन.