एकच खिळा

इल्होम यांना,

तुमचा पत्ता नाही, तरी लिहितेय.

ताश्कंदच्या इस्पितळात नोकरी मिळतेय. इथल्या दवाखान्यात अकरा वर्षं लसी टोचतेय. ते सोडावं की नाही, आठवडाभर ठरेना. आनंद नाही, दुःखही नाही.

शेवटी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी नान भाजून माझ्यापुढे धरला. "घास तोड. उरलेला टांगून ठेवते, परत येऊन खा." मग भिंतीकडे बघून म्हणाल्या, "पण टांगू कुठे? खिळा एकच, त्यावर आमचे चिरंजीव सहा वर्षं लटकलेत!"

दोघी हसलो. रशियाला निघताना तुम्ही चावलेला तो नान दगड झालाय. दुसरा खिळा ठोकता आला असता, हातोडी समोरच होती. दोघींपैकी कुणीच उठलं नाही.

मग मीच तुमचा नान उतरवला आणि चहात भिजवला. गेलेल्यानेच परतून तो खायचा असतो, हे सासूबाईंना माझ्याहून जास्त ठाऊक. त्यांनी वाटीत साखर घातली. "गरम आहे तोवर खाऊन घे."

खाल्ला. चव काही लागली नाही.

आता खिळ्यावर माझा नान आहे.

मुनव्वर