अर्थ सांगणाऱ्या केवलरामास

केशोरी,
पौष वद्य पंचमी, शके १८५७

प्रिय केवलराम,

दहा वर्षांनी तुला पत्र लिहितो आहे, आणि 'प्रिय' हा शब्द नुसता रीत म्हणून लिहिला आहे हे आधीच सांगून टाकतो. खुशाली विचारत नाही. तू मजेत आहेस हे नागपूरहून येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडून ऐकतो. तुझ्या प्रवचनाला मांडव अपुरा पडतो म्हणे. वकील-डॉक्टर मांडी घालून बसतात, आणि जुन्या कवितेतली कितीही अवघड ओळ तू चुटकीसरशी सोडवून देतोस. गेल्या महिन्यात गोंदियाच्या बाजारात कोणीतरी तुझं छापील पत्रक माझ्या हातात दिलं. तुझ्या नावाआधी 'गूढार्थप्रकाशक' असं लिहिलं होतं. मी ते तिथल्या तिथे फाडलं. शेजारचा दुकानदार बघत राहिला.

आपली पोथी तुला आठवते की नाही कोण जाणे. देवळातली, हाताने लिहिलेली, कवीचं नावसुद्धा नसलेली. धानाची मळणी आटोपली की माघात सात दिवस, तिसऱ्या प्रहरी, ती वाचायची. मी ओवी म्हणायचो आणि तू अर्थ सांगायचास. मनिरामचा गळा आणि केवलरामची अक्कल, असं लोक म्हणायचे, आणि ते खरंच होतं, कारण मी काय म्हणतो आहे ते मला स्वतःला कळत नसे. तुला गावात मीच आणलं होतं. नवेगावच्या शाळेत आपण एका बाकावर होतो, गुरुजी अर्थ विचारायचे आणि तुझा हात सगळ्यांच्या आधी वर. माहीत असो नसो, हात वर. पहिल्याच वर्षी तू नांगरणीच्या ओव्यांवर तासभर योग, समाधी आणि काय काय सांगितलंस. शेवटी म्हातारा रामलाल उठून म्हणाला, "कायले एवढं लांबवतो गा? हे तं नांगराचंच सांगून राहिलं." सगळे हसले, तूही हसलास. मी तर पोट धरून हसलो. मला तेव्हाच शहाणपण यायला हवं होतं.

आता धुरपताचं. माझी बहीण आहे हे तुला सांगायला नको, तिच्या हातची भाकर तू पाच वर्षं खाल्लीस. गावातच दिलेली, बकारामच्या खुशालला. पहिल्या बाळंतपणात ती मरणार होती. देवरीकडच्या जंगलातली एक गोंड सुईण त्या वेळी आपल्या गावात होती, तिनं आई आणि लेक दोघींना वाचवलं. चार वर्षांनी, कार्तिकात, ती म्हातारी तापाने पडल्याचा निरोप आला. तिचं कोणी नव्हतं. धुरपतानं नवऱ्याला विचारलं, तो जा म्हणाला, आणि ती गेली. एकटी गेली, पाच दिवस राहिली, म्हातारीला माती देऊन परत आली. सासऱ्यानं थोडी कुरकुर केली आणि गप्प बसला. घर सुरळीत चाललं होतं. हे मी मुद्दाम लिहितो, केवलराम. तीन महिने घर सुरळीत चाललं होतं.

मग माघ आला. चौथ्या दिवशीचा तो अध्याय, ज्यात एक बाई घर सोडून जाते आणि परत येते. जुनी भाषा, एका ओवीचा दुसऱ्या ओवीला मेळ लागत नव्हता, लोक पेंगत होते. आणि मी म्हटलं, 'तियेचिया हातींचें पाणी । घेऊं नये कवणीं ॥' अख्ख्या अध्यायात तीच एक ओळ सगळ्यांना कळण्यासारखी होती. पेंगणारे जागे झाले. कोणीतरी म्हणालं, पुन्हा म्हणा. मी पुन्हा म्हटली, चाल लावून म्हटली. देवा, त्या चालीची मला अजून शिसारी येते. तू घसा खाकरून सांगितलंस की कवीची ही आज्ञा आहे, घराबाहेर एकटी राहून आलेल्या बाईच्या हातचं पाणी घेऊ नये, पितर तहानलेले राहतात. पितर कुठून काढलेस रे? पोथीत पितर नाहीतच. पुढच्या सात ओव्या मी सुरू करणार तेवढ्यात तू पानावर तळहात ठेवलास आणि म्हणालास, आज इथेच थांबू. दुसऱ्या दिवशी म्हणालास की या सात ओव्या गूढ आहेत, यांचा अर्थ सांगायचा नसतो, नुसत्या ऐकायच्या. लोकांनी हात जोडले. जे कळत नाही त्याला आपल्याकडे जास्तच हात जोडले जातात.

चौथ्या दिवशीच संध्याकाळी धुरपतानं सासऱ्यापुढे तांब्या ठेवला आणि त्यानं तो उचलला नाही. मी बकारामच्या पाया पडलो. तो म्हणाला, "मी काऊन तिले बोल लावू? पोथीत हाये तं हाये. पोथी खोटी बोलते का?" खुशाल मान खाली घालून बसला, अजून बसलेलाच आहे. धुरपता माझ्याकडे आली. तिची रुख्मा तिकडेच ठेवून घेतली, चार वर्षांची पोर. दोन घरांत शंभर पावलांचं अंतर असेल. पोरगी मोठी होत गेली तशी आईच्या दारावरून जाणं टाळून लांबच्या बोडीच्या तळ्याकाठाने पाण्याला जायला लागली. तू मात्र सप्ताह संपवून, नारळ आणि धोतर घेऊन नागपूरला निघून गेलास. मी तीन पत्रं लिहिली. उत्तर नाही.

दहा वर्षं मी हेच समजत होतो की तू ते जाणूनबुजून केलंस. बकारामनं तुला काही दिलं असेल, धुरपता कधी तुला टाकून बोलली असेल, काहीही. तुला शिव्या घालायला ते सोयीचं होतं. मग गेल्या दिवाळीनंतर रुख्माचं लग्न ठरलं, फाल्गुनातलं, आणि आईनं मांडवात यायचं नाही, हळदीला हात लावायचा नाही असं तिकडून सांगणं आलं. काही प्रायश्चित्त असेल तर विचारावं म्हणून मी धुरपताला घेऊन पवनीला गेलो. तिथे सावित्रीबाई म्हणून एक विधवा बाई आहेत, सत्तरीच्या. त्यांचे वडील मोठे शास्त्री होते. मुलगा नव्हता म्हणून त्यांनी आपली सगळी विद्या लेकीला दिली. मी प्रायश्चित्ताचं विचारलं. त्या म्हणाल्या, आधी ओवी दाखवा. मी तो अध्याय उतरवून नेला होता.

त्यांनी तुझ्यासारखा घसा खाकरला नाही. पहिलाच प्रश्न विचारला, हे बोलतंय कोण? मी म्हटलं, कवी. त्या म्हणाल्या, कशावरून? मग त्यांनी बोट ठेवून मला मागे मागे नेलं, अकरा ओव्या मागे. तिथे नदीकाठी त्या बाईचे सासरचे गोळा होतात आणि बोलायला लागतात. जुना कवी बोलणाऱ्याचं नाव एकदाच सांगतो, पुढे पानभर तोच बोलत असतो, ऐकणाऱ्याने ते ध्यानात ठेवायचं. म्हणजे पाणी घेऊ नये ही कवीची आज्ञा नाहीच, ते त्या निंदकांचं बोलणं आहे. आणि तू झाकून ठेवलेल्या सात ओव्या म्हणजे नदीनं त्यांना दिलेलं उत्तर. नदी म्हणते, हिच्या हातानं बारा वर्षं तुमच्या घरी मीच येत होते. हिचा हात विटाळलेला असेल तर मीही विटाळले, मग तुम्ही आजवर प्यालेली घागर न् घागर मला परत आणून द्या. केवलराम, हे इतकी वर्षं मी माझ्याच तोंडानं म्हणत होतो. दारात बसलेली धुरपता म्हणाली, पुन्हा सांगा.

शेवटच्या एका ओवीवर बाई अडल्या. स्वच्छ म्हणाल्या, ही मला कळत नाही, उद्या या. दुसऱ्या दिवशी वडिलांची टिपणं धुंडाळून त्यांनी तीही सोडवून दिली. त्यांचं ते 'मला कळत नाही' ऐकलं आणि तुझा सगळा उलगडा मला झाला. तुझ्या मनात पाप नव्हतं. तुला त्या ओव्या कळल्याच नव्हत्या, आणि भरल्या सभेत ते सांगायची लाज वाटली, एवढंच. पापी माणूस एक वेळ परवडतो. तू नुसता हात वर करणारा पोरगाच राहिलास, आणि त्यापायी माझ्या बहिणीची दहा वर्षं गेली. याचा मला जास्त संताप येतो. मीही सुटत नाही. मीच तुला आणलं, मीच चाल लावली.

आता पत्र कशासाठी ते. धुरपतानं दोन महिने पवनीला राहून तो अख्खा अध्याय अर्थासकट तोंडपाठ केला आहे. तिला अक्षर येत नाही, पण एक शब्द चुकत नाही. या माघात मी ओवी म्हणणार आणि अर्थ ती सांगणार आहे. गावात पुष्कळ कुजबुज झाली, पण बकाराम आता थकला आहे, आणि त्यालाही हे दहा वर्षं कुठेतरी टोचत असावं. त्यानं एकच अट घातली, "जो बोलला त्यानं समोर बसून आयकावं, मंग मी मानीन." तेव्हा तुला यायचं आहे. गादीवर नाही, खाली सतरंजीवर, ऐकणाऱ्यांत. धुरपताचं सांगून झालं की बकाराम तुला विचारेल, त्या दिवशी जो अर्थ सांगितलास तो तुला कळला होता का? तू 'नाही' म्हणायचं. तेवढं म्हटलंस तर फाल्गुनात रुख्माला तिची आई हळद लावेल. तुझं नागपुरातलं नाव जाईल, मला ठाऊक आहे, असल्या गोष्टी बैलगाडीच्या आधी पोचतात. मी धुरपताला विचारलं होतं, त्याला माफी मागायला लावू का? ती भाकर थापता थापता म्हणाली, "माफी नाही पायजे गा दादा. त्यानं नाही म्हणावं. बाकी अरथ मी सांगीन."

माघ शुद्ध दशमीला, तिसऱ्या प्रहरी. वाट बघतो आहे.

तुझाच म्हणायची अजून सवय सुटली नाही, म्हणून तुझाच,
मनिराम