बॅटरीवाल्याच्या जागेतले टोमॅटो

३ मार्च
प्लॉट घेतला. कोपऱ्यावरचा, ऐसपैस. आधी तिथे जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं काढायची शेड होती, म्हणून जरा स्वस्तात. गवताचं पातं उगवत नाही. चला, तण काढायची कटकट गेली!

बायकोचा हट्ट: आधी माती तपासायची, मगच पाया. का, तर नात दोन वर्षांची, दिसेल ते तोंडात घालते. शिसं पोटात गेलं तर लेकरांच्या मेंदूवर परिणाम होतो, असं तिने कुठेतरी वाचलंय. ही हल्ली फार वाचते.

५ मार्च
माती तपासणारा येऊन जागा बघून गेला. ठिकठिकाणी ड्रिल मारणार, सॅम्पल लॅबला पाठवणार, रिपोर्ट तीन आठवड्यांनी. तेवढ्यात माझा स्लॅब पडेल! त्याला पुढची तारीख दिली.

तोवर आपला हात जगन्नाथ. प्लॉटवरची पोतंभर माती घरी आणली, बाल्कनीत दोन कुंड्या भरल्या, टोमॅटोची रोपं लावली. झाड जगलं तर माणूसही जगेल. सायन्स सोपं असतं, लोक अवघड करतात.

९ मार्च, सकाळ
एका रोपाने मान टाकली. ऊन जास्त झालं.

९ मार्च, संध्याकाळ
दुसऱ्यानेही. ऊन कमी पडलं.

१० मार्च
नर्सरीवाल्याला झापलं. नवी रोपं आणली. बायकोला बोललो नाही. उगाच जिवाला घोर लावून घेते.

१५ मार्च
तीही गेली. नर्सरीचा दर्जा पार घसरलाय. या वेळी मोठी झाडं आणली, टोमॅटो लागलेलीच. सोबत नर्सरीचीच माती. निम्मीच घालायची होती, पण हात सैल पडला, सगळी गेली. प्लॉटवरची जुनी परत पोत्यात. टेस्ट तीच, जरा सुधारलेली.

बायको बघतच राहिली. म्हणाली, अहो, एका रात्रीत टोमॅटो? मी म्हटलं, जमीनच तशी आहे.

१७ मार्च
जिंकलो! बायकोने स्वतः फोन करून तपासणाऱ्याला येऊ नका म्हणून सांगितलं. मला म्हणाली, चुकलंच माझं, तुमच्यावर विश्वास ठेवायला हवा होता.

तेव्हापासून छातीत जळजळ. ॲसिडिटी असणार.

२० मार्च
पायाचं काम ठरवून घरी आलो. बाल्कनीत नात. समोर टब, टबात माती. बायको कौतुकाने सांगत होती, पोत्यात उरली होती ना तुमची ती चांगली माती, म्हटलं खेळू दे पोरीला. नातीच्या ओठांवर माती.

माझी पाचावर धारण बसली. टब ओढला, तिने भोकाड पसरलं. तिचं तोंड धुता धुता सगळं सांगून टाकलं. बायकोने पोरीला उचललं आणि थेट डॉक्टरांकडे. मी अनवाणीच मागे.

२४ मार्च
नातीच्या रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल. देवा रे देवा! पुन्हा पुन्हा वाचला. डोळ्यांना पाणी. आज ॲसिडिटी नाही.

१६ एप्रिल
बायकोने तपासणाऱ्याला परत बोलावलं होतं, त्याचा रिपोर्ट आला. शिसं मर्यादेच्या कितीतरी पट. वरची माती खणून, नेऊन, नवी भरायची. घर पुढच्या वर्षी, जमलं तर. म्हटलं, खोदाईवर देखरेख मी करतो. कुणी ऐकलंच नाही.

लेकीचा फोन होता. शनिवारी पोरीला बाबांजवळ ठेवू का, म्हणाली. बायको तिला म्हणाली, ठेव की, पण मी स्वतः घरात असेन तरच.