पांढरी चादर, लाल फडकं

३ मार्च

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

मी बोलतेय आणि माझी नात, आपली घंटी, लिहितेय. रेडिओवर बोलून बोलून तिला माणसांची वाक्यं सरळ करायची खोड लागली आहे. मी बजावलंय, माझी वाकडी असतील तर वाकडीच जाऊ देत. नाहीतर धाकटीला वाटायचं, पत्र भलत्याच म्हातारीचं आलं.

गुडघे आहेत तिथेच आहेत आणि दुखताहेत. आता मुद्द्याचं. शहरातली एक कंपनी आपला रेडिओ विकत घ्यायला निघाली आहे. तिचा साहेब परवा माझ्या ओसरीवर येऊन गेला. चकचकीत बूट घालून आमची चढण चढला, त्यामुळे वर पोचेपर्यंत बुटांची आणि त्याची, दोघांचीही रया गेली होती. पाणी पिऊन झाल्यावर विचारतो, या रेडिओचा मालक कोण. मी म्हटलं, पेठेतल्या त्या दोन खोल्यांसाठी ज्या ज्या घराने वाळू वाहिली ते ते घर मालक. सभेत घरटी एक हात वर होतो. त्याला वाटलं म्हातारी चेष्टा करतेय. घंटीने तेच सांगितलं तेव्हा त्याने वहीत लिहून घेतलं.

मग त्याने पेटीतून एक यंत्र काढलं. म्हणाला, जीपमधून सगळीकडे हिंडून मोजलंय. पेठेत आवाज खणखणीत आहे, पण डोंगराच्या सोंडेपलीकडे, तुमच्या वरच्या वाडीत, काही म्हणजे काही पोचत नाही. कंपनी उंच टॉवर उभारील आणि सगळ्यांना ऐकू येईल. फक्त बोलणं शहरातून होईल. म्हणजे आमच्या घंटीने घरी बसायचं, आणि आपला घाटरस्ता दरडीने बंद झाला की शहरातल्या कुणीतरी गाणं थांबवून आपल्याला सांगायचं. आठवण झाली तर.

मी त्याला दंडाला धरून कठड्याशी नेलं. माझं घर सोंडेच्या पाठीवर. इकडे पेठ दिसते, तिकडे घळीपलीकडे तुमची वाडी. म्हटलं, बघ. सकाळच्या बातम्या संपल्या की वाडीतल्या बायका दोरीवर कापड टाकतात. नीट ऐकू आलं तर पांढरी चादर, खरखर असली तर लाल फडकं. मी इथून बघते आणि लाल दिसलं की टॉवरचं काम बघणाऱ्या आमच्या तारवाल्याला निरोप धाडते. रेडिओ सुरू झाल्यापासून हे काम माझं. आज एक तरी लाल दाखव मला. एकही नव्हतं. सगळी वाडी पांढरी. तो बिचारा एकदा यंत्राकडे बघे, एकदा वाडीकडे.

पुढच्या महिन्याच्या अखेरीला सभा आहे. निम्म्याहून जास्त घरं वाडीची. तुझ्या शब्दावर वाडी उठते-बसते, हे तूच मला दर पत्रात सांगतेस. आता करून दाखव. सगळे हात आपल्या बाजूला हवेत. घरटी एकच हात आहे, तेव्हा तुझ्या म्हाताऱ्याला झोपू दे, तूच ये.

लोभ आहेच, सभेपर्यंत तो थोडा वाढव.

तुझी ताई
(अंगठा उठवत नाही. शाई लवकर जात नाही.)


९ मार्च

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

दुधाच्या जीपवाल्याने पत्र हातात दिलं. अक्षर सुरेख, बोलणं तुझंच. इकडे सगळे बरे आहेत. आमच्या घरच्यांना ऐकू कमी येतं असं डॉक्टर म्हणतात. मला वाटतं, मी बोलते तेवढंच कमी येतं.

घंटी फार गोड बोलते हो. परवा बटाट्यावरच्या किडीचं तिने इतकं छान समजावून सांगितलं की इथे सगळ्यांनी मान डोलावली. तिला माझा आशीर्वाद सांग.

सभेचं म्हणशील तर बघू. लगेच तापू नकोस. इथे काहीजणांना वाटतं की उंच टॉवर म्हणजे काही संकट नव्हे. तो साहेब आमच्याकडेही येऊन गेला. माझ्याच घरी चहा प्यायला. माणूस मऊ आहे. पुष्कळ गोष्टी त्याने न विचारता ओळखल्या. जास्त लिहीत नाही, कारण हे तुला वाचून कोण दाखवणार ते मला ठाऊक आहे.

तब्येतीला जप. लोभ करतेस तो असाच करत जा, पत्र आवडलं नाही तरी.

तुझी धाकटी


१४ मार्च

सौ. धाकटीस,
आशीर्वाद आहेत, पण या वेळी मोजूनमापून.

हे अक्षर पेठेतल्या शिंप्याचं आहे. घंटीला हे पत्र कळायला नको म्हणून गुडघे चोळत खाली उतरून त्याच्या दुकानात येऊन बसले आहे.

काल रेडिओ बंद होता. यंत्रातला कुठलासा भाग जळला. घंटी माइकपुढे बसलीच नाही, दिवसभर तारवाल्याला पक्कड आणि पेचकस देत होती. मी आपली सवयीने सकाळी कठड्याशी गेले. समोर तुमची वाडी पांढरीशुभ्र. तुझी चादर सगळ्यांच्या पुढे, नीळ घातलेली, सुरकुती नसलेली.

काय ऐकलंत गं तुम्ही?

शिंपी हसतोय. मी त्याला लिहायला बसवलंय, हसायला नाही.

आणखी एक. घंटी बटाट्यावरच्या किडीबद्दल कधी बोललीच नाही. ती वाटाण्यावरच्या किडीबद्दल बोलली होती. तेव्हाच माझ्या मनात खुट्ट झालं होतं, पण म्हटलं धाकटीचं लक्ष नसेल, लहानपणापासून नसतंच. आता खरं काय ते लिही. त्या साहेबाचं यंत्र खरं बोलत होतं का? मी त्या माणसाला चहासुद्धा विचारला नाही.

लोभाचं उत्तर आल्यावर बघू.

ताई


१८ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हेही पत्र शिंप्याकडूनच वाचून घे.

हो, यंत्र खरं बोलत होतं. आता तू मला सांग, रेडिओ सुरू झाला त्या वर्षी आम्ही दोरीवर काय टाकत होतो? लाल. रोज लाल. तू रोज निरोप धाडायचीस आणि तारवाला रोज टॉवरवर चढायचा. एका निसरड्या सकाळी माझंच लाल फडकं बघून तो चढला, आणि घसरून पाय मोडून बसला. आम्ही त्याला बघायला गेलो. खाटेवर पडल्यापडल्या त्याने पहिली गोष्ट विचारली ती ही, की आता नीट येतं का ऐकायला. पाय फळीला बांधलेला, आणि डोळे लागलेले आमच्या तोंडाकडे. तू असतीस तर काय सांगितलं असतंस?

त्यानंतर वाडीत लाल फडकं कुणी टाकलं नाही. कुणी ठरवलं नाही, बैठक झाली नाही, नुसतं टाकलं नाही. लाल साड्यासुद्धा आम्ही मागच्या परसात वाळवतो, तुला दिसू नयेत म्हणून. मग घंटी बोलायला लागली. बाजारात भेटली की विचारते, मावशीआजी, काल कसं वाटलं. जीपवाला पेठेत ऐकून येऊन सांगतो तेवढ्यावर आम्ही तिचं कौतुक करतो. त्याने वाटाण्याचा बटाटा केला त्याला मी काय करू.

पण ताई, मागल्या वर्षी घाटरस्ता खचला तेव्हा पेठेला घंटीकडून सकाळीच कळलं. आमची माणसं दूध घेऊन थेट खचलेल्या कडेपर्यंत गेली. पुढच्या जीपचं चाक हवेत होतं. तेव्हापासून बायकांच्या मनात धास्ती बसली आहे. म्हणून वाडीचे हात साहेबाच्या टॉवरसाठी वर होणार. माझाही. घंटीचा आवाज गोड आहे असं मी इतकी वर्षं सांगतेय, आणि तो मी फक्त बाजारात ऐकलाय.

रागाव हवी तेवढी. लोभ उरला असेल तर कळव, नसला तरी कळव.

धाकटी


१६ एप्रिल

सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद, पूर्वीच्याच मापाने.

अक्षर पुन्हा घंटीचं आहे. शिंप्याच्या पोटात काही टिकत नाही. त्याने तिला सगळं सांगून टाकलं. ती धापा टाकत वर आली आणि कठड्याशी जाऊन तुमच्या वाडीकडे बघत उभी राहिली. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, आजी, मी इतकी वर्षं डोंगराच्या पाठीशी बोलत होते. आणि मग एवढी हसली की मलाच रडू फुटायची वेळ आली. (आजी तेव्हा रडली. - घंटी) खोटं लिहू नकोस म्हणून मी तिला आत्ताच दटावलंय.

मग तिने तारवाल्याला वर बोलावलं. तो कठड्याला टेकून एकदा पेठेकडे बघे, एकदा वाडीकडे. म्हणाला, इथून दोन्हीकडे नजर पोचते तर आवाजही पोचेल. टॉवर पेठेत खड्ड्यात उभा आहे, तो इथे हवा होता. मी विचारलं, मग मेल्या, इतकी वर्षं बोलला का नाहीस. तो म्हणाला, कशाला बोलू, चादरी पांढऱ्या होत्या.

तेव्हा टॉवर आता माझ्या छपरावर आहे आणि यंत्र माझ्या माजघरात. परवानगीसाठी घंटी कचेरीत ठाण मांडून बसली, शेवटी त्यांनी कंटाळून दिली. पेठेतल्या घराघरातून माणसं आली, लोखंड खांद्यावर घेऊन चढली, वायर ओढली. माझ्या छपराला भोक पडलंय, जोत्यातली फरशी फुटलीय, आणि शिंपी सगळ्यांना हुकूम सोडत होता, त्याने एक खिळासुद्धा उचलला नाही. साहेब येऊन म्हणाला, आजी, सभेनंतर आम्ही याहून उंच उभारणारच आहोत, कशाला एवढा त्रास. मी त्याला या वेळी चहा दिला. म्हटलं, बाळा, तुझं यंत्र खरं बोललं, मी चुकले. पण आमचं आम्हाला दुरुस्त करता येतंय का, ते बघितल्याशिवाय आम्ही विकणार नाही.

आता तुझ्या-माझ्यातलं. तुमच्या पांढऱ्या चादरींवरचा माझा विश्वास उडालाय. सभेच्या दिवशी सकाळी घंटीऐवजी मी इथूनच माइकवर बोलणार आहे. दोरीवर काय टाकायचं ते तेव्हाच सांगेन. आधी कुणाला कळणार नाही; जीपवाल्याला आदल्या दिवसापासून माझ्याकडे पाहुणा म्हणून अडकवून ठेवणार आहे. ऐकू आलं तर टाका. नाही आलं तर खुशाल साहेबाच्या बाजूने हात वर करा, मी एक शब्द बोलणार नाही. पण कुणाच्या पायाची, कुणाच्या डोळ्यांची दया करून टाकाल तर मला चालायचं नाही.

लोभ ठेव आणि कान उघडे ठेव.

ताई


३० एप्रिल

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

गुडघ्यांमुळे तू सभेला आली नाहीस, म्हणून सगळं सविस्तर लिहिते. पेठेतल्या लोकांनी सांगितलं असेलच, पण ते स्वतःला मध्ये घालून सांगतात.

काल सकाळी आम्ही सगळ्याजणी रेडिओला कान लावून बसलो होतो. आधी खरखर. मग कुणीतरी खोकलं. मी म्हटलं, ताई. शेजारणीला खरं वाटेना. तेवढ्यात तू साऱ्या मुलखाला ऐकू जाईल असं सांगितलंस की जिला माझा आवाज येतोय तिने नवऱ्याची पट्ट्यापट्ट्याची चड्डी दोरीवर टाकावी, आणि जिला नवरा नाही तिने उशीचा अभ्रा. ताई, तुला काही जनाची नाही? आमचे हे अंगातली काढायला तयार नव्हते. ऐकू कमी येणाऱ्या माणसाला हे मात्र पहिल्या फटक्यात ऐकू आलं. बघता बघता सगळ्या वाडीच्या चड्ड्या वाऱ्यावर फुगल्या आणि पुरुषमंडळी गोठ्यात जाऊन लपली.

साहेब तेव्हा तुझ्याच ओसरीवर दुर्बीण घेऊन उभा होता ना? सभेत त्याने ते हसत हसत कबूल केलं. पण मागे हटला नाही. आज आलं, उद्या बिघडलं तर काय, आमच्याकडे माणसं आहेत, सामान आहे, असं म्हणाला. वाडीतली निम्मी डोकी हलायला लागली. तेव्हा मी उठले. म्हटलं, "साहेब, उद्या आम्हाला ऐकू आलं नाही, तर आमचं लाल फडकं तुमच्या शहरातून कुणाला दिसेल?"

त्याने आधी हातातले कागद चाळले. मग म्हणाला, तक्रारीसाठी कचेरी आहे, तिथे कळवायचं. मागून कुणीतरी म्हणालं, आम्हाला ताई बरी. मग हात वर झाले. विकायच्या बाजूने पेठेतल्या लॉजवाल्याचा तेवढा होता, आणि तोही त्याने डोकं खाजवून खाली घेतला.

घंटी मागे दाराशी उभी होती. मी तिला सांगितलं, आज माझ्या घरात तुझ्या आजीचा आवाज आला, आता उद्यापासून तुझा येऊ दे, आणि बटाट्याबद्दल जरूर बोल.

लोभ असू दे. चड्डी अजून दोरीवरच आहे.

तुझी धाकटी


३ मे

चि. सौ. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

आज सकाळी मी कठड्याशी गेले. पांढरं, पांढरं, पांढरं, आणि कडेला तुझ्या दोरीवर लाल फडकं. इतक्या वर्षांनी दिसलं की आधी मला वाटलं डोळे गेले. घंटीला बोलावून खात्री करून घेतली. तुझं घर टेकाडाच्या आडोशाला येतं, त्यामुळे टॉवर वाऱ्याने जरा हलला तरी तिथे अडत असेल, असं ती म्हणते.

मी तारवाल्याला हाक मारली. तो माजघरातल्या यंत्राजवळून लंगडत बाहेर आला, वाडीकडे बघितलं आणि म्हणाला, चला, एकदाचं लाल आलं. त्याच्या तोंडावर एवढा आनंद मी त्याच्या लग्नातही बघितला नव्हता. आता तो छपरावर आहे. त्याच्या कमरेला दोर आहे, दोराचं दुसरं टोक ओसरीच्या खांबाला आहे, आणि खांबाला टेकून मी बसले आहे. घंटी एका हाताने शिडी धरून दुसऱ्या हाताने हे लिहितेय, तेव्हा आज अक्षराला नावं ठेवू नकोस. तो वरून विचारतोय, इकडे वळवू की तिकडे. मी म्हटलं, धाकटीकडे वळव.

उद्या ऐकू आलं तर पांढरी टाक. नाही आलं तर लाजू नकोस, लालच टाक. परवाही टाक, तेरवाही टाक. त्यासाठीच हा रेडिओ आपण आपल्याकडे ठेवलाय.

माझा लोभ आहे तसाच आहे. पण पुन्हा खोटी पांढरी टाकलीस, तर घळ ओलांडून तिकडे येईन, या गुडघ्यांसकट.

तुझी ताई