मरीन ड्राइव्हवर, यांच्या मागे

७ जानेवारी १९५७, सोमवार

फिरायला जायचं! डॉक्टरांचा हुकूम. रक्तदाब वाढलाय, वजन वाढलंय, त्यावर औषध काय — तर चालणं! गोळ्या दिल्या असत्या तर गपचूप गिळल्या असत्या. सासूबाई म्हणाल्या, "दोन खोल्या नि तीन जिने, दिवसभर चालतेच की ती! आणखी कुठे चालायचंय?" मग म्हणाल्या, फडके गणपतीला जा, तेवढंच पुण्य लागेल. डॉक्टर ऐकेनात. मरीन ड्राइव्हच म्हणाले. सपाट फरसबंदी, मोकळी हवा.

बाईमाणूस एकटी कशी जाणार, म्हणून यांना बरोबर धाडायचं ठरलं. हे वर्तमानपत्रातून मान वर न करता "हं" म्हणाले.

८ जानेवारी

गेलो. म्हणजे हे गेले, मागून मी गेले. चौपाटीपासून चर्चगेटच्या बाजूला. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला मोटारी — सकाळी सकाळी एवढ्या मोटारी कुठे निघालेल्या असतात कोण जाणे! फुटपाथ मात्र असा रुंद की आमची अख्खी चाळ पंगतीला बसेल. पारशी म्हातारे, बाबागाड्या ढकलणाऱ्या आया, साखळीतली कुत्री, पाववाल्यांच्या सायकली — सगळे त्याच फरशीवर.

हे पुढे, मी चार पावलं मागे. लग्न झाल्यापासूनचा शिरस्ता. देऊळ असो, लग्नघर असो, हे पुढे नि मी मागे. यांच्या तोंडापेक्षा यांची पाठ माझ्या जास्त ओळखीची आहे. कोटाची शिवण खांद्याशी उसवलीय, तेही आज कळलं.

पाय दुखताहेत. पण हवा छान होती, खोटं कशाला लिहू.

११ जानेवारी

आज जीव उडाला माझा. मागून एक पाववाला सुसाट आला, मी ओरडले, "अहो!" तीन परके पुरुष वळले. एक तर "काय झालं, बाई?" म्हणून जवळ आला. आणि हे? वळलेच नाहीत! सायकल यांच्या कोपराला घासून गेली. पुन्हा "अहो!" म्हटलं — छे! नाव घेऊन हाक मारायची सोय नाही. धावत जाऊन बाही ओढावी तर चारचौघांत ते कसं दिसेल?

घरीही तेच. जेवायच्या वेळी सासूबाई "शाम, पाट घे" म्हणून तीनदा ओरडल्या, हे पेपरात. पूर्वी वाटायचं, लक्ष नसतं. आता वेगळंच वाटायला लागलंय.

१२ जानेवारी

यांना ऐकू कमी येतं. नक्कीच!

दुसरी कसली नोकरी असती तर निभावलं असतं. हे पडले स्टेनो. फोर्टातल्या कचेरीत साहेब तोंडानं सांगतो नि हे भराभर टिपून घेतात. कान गेले की नोकरी गेली. आमच्या पोराचं, वसंताचं, कॉलेज अजून व्हायचंय. सरळ विचारलं, "तुम्हाला नीट ऐकू येतं ना?" "हं," म्हणाले. हे यांचं सगळ्यालाच उत्तर!

१४ जानेवारी

संक्रांत. सासूबाईंनी हातावर तिळगूळ ठेवला नि म्हणाल्या, "गोड बोल." मी कडू कधी बोलते? मी बोलतेच कधी!

१६ जानेवारी

आज यांच्या कानांची परीक्षा घेतली. मागून हळूच म्हटलं, "सकाळी गुळण्या करता त्या पार कोपऱ्यावरच्या इराण्याला ऐकू जातात." पाठ ढिम्म! मग जरा आवाज चढवून म्हटलं, "आणि केवढे भराभर चालता! मागे माझा जीव जातोय, त्याचं काही?" तरी ढिम्म.

खात्रीच झाली. आता नोकरीचं कसं व्हायचं? आणि — या पानाशिवाय कुणाला सांगू? — मजाही वाटली!

१९ जानेवारी

आता रोज बोलते. चौपाटी मागे पडली की सुरू! घरात सासूबाई, बाहेर गॅलरीत शेजारणी, उसासा टाकला तरी दुपारपर्यंत चाळभर होतो. मोकळं बोलायला जागा मिळाली ती सरकारच्या फुटपाथवर. सासूबाई गूळ लपवून ठेवतात, ते सांगितलं. वसंताला मिशी शोभत नाही, ते सांगितलं. एकदाही नाटकाला नेलं नाहीत, तेही ऐकवलं. एक पारशी म्हातारी माझ्याकडे टकमका बघत होती. एकटीच बडबडतेय म्हणून वेडी समजली असेल. समजू दे!

चालण्याचा कंटाळा कुठल्या कुठे गेला.

२३ जानेवारी

हे थकले की काय? गुळण्या करताना आवाज म्हणून येत नाही, घशातला जोरच गेलाय. चालणंही मंदावलंय. परवापर्यंत वाऱ्यासारखे जायचे, आता मला गाठायला कष्ट पडत नाहीत. कान, घसा, पाय — एकदमच सगळं? संध्याकाळी मुगाच्या डाळीची खिचडी केली, वर दोन चमचे तूप.

२८ जानेवारी

काल चौपाटीवर समितीची सभा झाली. आज कठड्यावर चुन्यानं ताजं ताजं लिहिलेलं — झालाच पाहिजे! दोन पोरं बादली घेऊन पुढे लिहीतच होती. निवडणूक आलीय ना. ते वाचलं आणि मला ती संध्याकाळ आठवली. फाउंटनला गोळीबार झाला ती.

यांची कचेरी तिथून हाकेच्या अंतरावर. दिवेलागण झाली, जेवणं निवली, यांचा पत्ता नाही. जो तो नवीनच बातमी आणत होता. वसंताला सासूबाईंनी धरून बसवलं. मी दाराशी. कुठल्या कुठल्या देवांना काय काय बोलले, त्याला गणती नाही. मग जिन्यात यांच्या वहाणा वाजल्या. आणि मी काय म्हणाले? "हातपाय धुवा, पानं घेते." बस्स! हे "हं" म्हणाले नि मोरीत गेले. त्यानंतर आजतागायत त्यावर अक्षर नाही.

आज पाठीला सगळं सांगितलं. म्हटलं, त्या दिवशी पानं मांडताना माझं सगळं लक्ष तुमच्याकडे, त्यात आमटी सांडली, आणि सासूबाईंनी वेंधळी म्हणून रागावून घेतलं. म्हटलं, तुम्ही आला नसतात तर मला ही मुंबई कुणाला का मिळेना! म्हटलं, लग्नात मला तुम्ही मुळीच आवडला नव्हतात, नाक फार मोठं वाटलं होतं. आता फार आवडता. बोलून गेले!

हे थांबले. कठड्याशी जाऊन चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं बराच वेळ पुसत राहिले. खारा वारा काचांवर बसतो. मीही चार पावलांवर उभी राहिले, भरती बघत.

घरी आले तेव्हा अंग कसं हलकं झालं होतं.

४ फेब्रुवारी

आज फार सुख वाटलं. कारण काही नाही.

११ फेब्रुवारी

सुख वाटून घ्यायचं नि कानांकडे काणाडोळा करायचा, हे बरं नव्हे. माझ्या बडबडीची चैन होतेय आणि तिकडे एखाद्या दिवशी साहेबाच्या ध्यानात आलं तर? आप्पलपोटी आहे मी! पुढच्या सोमवारी माझा रक्तदाब दाखवायचाय. डॉक्टरांना हळूच सांगेन, यांचे कानही बघा. रागावले तर रागावले. कान राहिले पाहिजेत. माझं बोलणं गेलं तरी चालेल.

१८ फेब्रुवारी

रक्तदाब उतरला. डॉक्टर खूश. मग यांना भिंतीकडे तोंड करून बसवलं नि पार दाराशी जाऊन पुटपुटले — कंदील, पाटी, खोबरेल. यांनी शब्दन् शब्द परत म्हणून दाखवला. मला यांच्या शेजारी उभं राहून जे ऐकू आलं नाही, तेसुद्धा! "वहिनी, भलतंच काय? यांचे कान चांगले तिखट आहेत!"

जिन्यात विचारलं, "म्हणजे... तुम्ही ऐकलंत?"

"सायकलीच्या दिवशी तंद्रीत होतो," हे म्हणाले. "पुढचं सगळं ऐकलं."

"मग बोलला का नाहीत?"

"अगं, सांगणारा सांगत असला की स्टेनोनं मध्ये तोंड उघडायचं नसतं. माणूस थांबतो."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं!

उद्या मी पुढे चालणार. हे मागे. बोलू देत आता त्यांना.