यंदाचा कासरा माझ्या हाती

१५ जून २००७, सकाळी
मारुतीला पाणी घालून संकल्प सोडला. वय एकोणपन्नास. यंदा पोळ्याला तोरणाखाली आमच्या जोडीचा कासरा मी धरणार. आमच्याकडे बैल घरचा मालक नेतो, आणि मालक म्हणजे माझे वडील, बाबूजी. मी दरवर्षी मागून पूजेचे ताट घेऊन चालतो. माझ्या बरोबरीचे लोक गावात आजोबा झाले. आज बाबूजींशी स्पष्ट बोलणार.

त्याच दिवशी, संध्याकाळी
बोललो नाही. बाबूजी जेवत होते. जेवताना माणसाला टेन्शन देऊ नये.

२२ जून
बोललो. बाबूजी म्हणाले, "कासऱ्याले मनगट लागते, बाबू. तू ताटच धर." शेजारचा गोवर्धन अंगणात बसला होता, तो हसला. म्हणाला, "लीलाधर भाऊले ताट तरी कायले देता, बाबूजी? सांडवन ना तो." मीही हसलो. मोठ्या माणसाने मनाला लावून घ्यायचे नसते.

४ जुलै
धानाच्या खालच्या बांधीतले पाणी मी माझ्या डिसिजनने सोडले. बाबूजींनी तासाभरात पुन्हा अडवले. दोघांचेही बरोबर होते. चूक पाण्याची.

१९ जुलै
आजचा दिवस लिहून ठेवण्यासारखा. बाबूजींनी मला विचारले, "रोवणी कधी लावाची?" जन्मात पहिल्यांदा! मी विचार करून सांगितले, सोमवारी. ते म्हणाले, "बरं." संध्याकाळी पुन्हा विचारले. झोपायच्या आधी पुन्हा. माझ्या शब्दाला एवढे वजन आले आहे. तुलसा म्हणाली, "वजन नाई जी, विसरून राहिले ते." बायको कितीही चांगली असली तरी नवऱ्याची प्रगती तिला उशिरा दिसते.

२९ जुलै
बाबूजी मला 'तुम्ही' म्हणाले. "तुमी जेवले का जी?" मारुतीपुढे नारळ फोडला. तुलसाला म्हटले, आता तरी पाहा. ती म्हणाली, "सकाळी मले माय म्हणले. गोंदियाले डॉक्टरकडे घेऊन जा ना त्याइले." मी म्हटले, डॉक्टर आजारी माणसासाठी असतो. मोठेपण उशिरा मिळाले म्हणून काय तो आजार झाला?
नवा संकल्प: मिळालेल्या मानाला शोभेल असे वागायचे. आवाज चढवायचा नाही. तंबाखूचा खर्रा उद्यापासून बंद.

६ ऑगस्ट
खर्रा बंद केला नाही. ऐन रोवणीत शरीराला झटका देणे बरे नव्हे.
बाबूजी आता मला विचारल्याशिवाय कुठे जात नाहीत. आज दारात येऊन म्हणाले, "तळ्यावर जाऊ का? लवकर येतो." पाऊस होता. मी म्हटले, नाही. ते गुमान ओट्यावर बसले आणि बराच वेळ पाय हलवत तळ्याच्या दिशेने पाहत राहिले. थोडे वाईट वाटले. पण घर चालवायचे तर शिस्त हवी.

२० ऑगस्ट
दुपारी बाबूजी दिसेनात. सगळीकडे शोधले. शेवटी गोवर्धन हाताला धरून घेऊन आला. आज तो हसला नाही. हळूच म्हणाला, "शाळेच्या पायरीवर बसून होते, भाऊ. घंटा काऊन नाई होऊन राहिली, म्हणत." मी त्याला समजावले की शाळेची जागा आमच्याच घराण्याने दिलेली आहे, बाबूजी पाहणीला गेले असतील. तो म्हणाला, "हो." मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याला काय झाले आहे कोण जाणे.
तुलसा दोन दिवसांपासून माझ्याशी बोलत नाही. पोळा झाला की डॉक्टरकडे जाऊ असे कबूल केले. नुसते तिच्या समाधानासाठी.

२ सप्टेंबर
हिंमत करून कासरा पुन्हा मागितला. वाटले, आता ऐकून घ्यावे लागणार. बाबूजी उठले, खुंटीवरचा कासरा काढला आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. म्हणाले, "तुमचाच तो. मी हात नाई लावला." वाद नाही, टोमणा नाही. मी गोठ्यात जाऊन बराच वेळ बसलो. डोळ्यांत पाणी आले. आनंदाचे.

११ सप्टेंबर, पोळा, दुपारी
शिंगे रंगवली. झुली घातल्या. थोड्या वेळात तोरणाखाली निघतो. आजपासून या घरात मी मोठा.

१२ सप्टेंबर
काल लिहिले नाही.
कासरा धरला. बैल नीट चालले. लोकांनी पाहिले. घरी आलो, तुलसाने बैलांचे पाय धुतले, त्यांना पुरणपोळी चारली. मी दारात उभा होतो. बाबूजी आता काहीतरी बोलतील, निदान 'बरं' म्हणतील, असे वाटत होते.
बाबूजी पुढे आले. टोपी काढली. वाकले आणि माझ्या पायांवर डोके ठेवले. तुलसाच्या हातातला पाण्याचा गडवा पडला. मी मागे सरकलो तर तेही सरकले. मग हात पसरून म्हणाले, "अजी, बोजारा द्या ना. साऱ्या पोराइले भेटला."
पोळ्याला बैल फिरवून आणले की घरची मोठी माणसे पोरांना पैसे देतात, तो बोजारा. अजी म्हणजे त्यांचे वडील, मनीराम. मी लहान असतानाच ते वारले. चेहरा मी त्यांचा घेतला आहे, असे सगळे म्हणतात.
म्हणजे रोवणीचे मला विचारले नव्हते. 'तुम्ही' मला म्हटले नव्हते. तळ्यावर जायची परवानगी माझ्याकडे मागितली नव्हती. आणि मी नाही म्हणालो होतो.
दहाची नोट दिली. त्यांनी ती मुठीत घट्ट धरली. तरी हलेनात. पुन्हा वाकून तसेच थांबले, पाया पडल्यावर लहान पोर थांबते तसे. तुलसा पदराने तोंड झाकून उभी होती. अंगणात दुसरे मोठे कोणी नव्हते.
मी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणालो, मोठा हो.