दुसरी सही

दहिसर पूर्व,
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

प्रिय प्रीत्या,

खूप खूप आशीर्वाद. आबा बरे आहेत. गुडघ्याचं तेल संपलंय म्हणून कुरकुर चालू आहे, पण ती नेहमीचीच.

ताईचं हाताने लिहिलेलं पत्र बघून हसशील. हस, पण मला फोन करू नकोस. मेसेजही नको. माझा फोन आता माझा राहिलेला नाही, आणि तुझाही कुणी ऐकत असेल अशी भीती आहे, म्हणून दुसऱ्याच्या फोनवरूनही बोलत नाही. म्हणून हे शेजारच्या शेवंतीमावशींच्या हाती देतेय. त्या माहेरी वेंगुर्ल्याला चालल्यात.

डिसेंबरात तुमच्या किनाऱ्यावरच्या कासवांच्या घरट्यांना कुंपण घालायला मी क्रिप्टो पाठवलं होतं, आठवतं ना? मागच्या कंपनीने पगारातला थोडा भाग त्यात दिला होता, तो मी कधी मोडलाच नाही. गणपतीत तुला ते पेनड्राइव्हसारखं यंत्र दिलं, ते हे क्रिप्टो ठेवलेल्या ऑनलाइन पाकिटाचं; तसंच एक माझ्याकडे. माझी आणि तुझी, दोघांची सही झाल्याशिवाय ते उघडत नाही. मला वाटलं होतं, आता कुणी काही करू शकत नाही. व्हिडिओ कॉलवर दोघांनी बटणं दाबली, तू "झकास!" म्हणून ओरडलास आणि मग त्याचा स्क्रीनशॉट फेसबुकवर टाकलास. 'दहिसरच्या माझ्या जान्हवीताईकडून कासवांना भेट.'

तुला बोल लावत नाहीये. मीच त्याला पहिलं लाइक केलं होतं. त्या स्क्रीनशॉटमध्ये पाकिटाचा पत्ता होता. नुसती अक्षरं आणि आकडे, कुणाचं नाव नाही. पण तो पत्ता हाती आला की आत किती आहे, कुठून आलं, कुठे गेलं, हे जगात कुणालाही दिसतं. फक्त माणूस कोण ते कळत नाही. ते पोस्टमध्ये होतं.

गुरुवारी मी मालाडहून ऑफिस सुटल्यावर घरी आले तर सोफ्यावर दोन माणसं बसलेली. आबा त्यांच्यासोबत टीव्हीवर कबड्डी बघत होते. चहा झाला होता. आबा म्हणाले, "जान्हवी, तुझ्या ऑफिसातली मंडळी आलीत." मी त्यांना जन्मात पाहिलेलं नव्हतं.

त्यातला तरुण, चांगला इस्त्रीचा शर्ट घातलेला, म्हणाला, "बसा ना मॅडम. आबा मस्त गप्पा मारतात." मग त्याने माझ्या पाकिटात किती आहे ते सांगितलं. मलाही इतकं नीट ठाऊक नव्हतं. दुसरा उठला, आबांच्या खुर्चीमागे उभा राहिला आणि त्याने त्यांच्या मानेवर हात ठेवला. नुसता ठेवला रे. आबांना अजून कळलं नव्हतं. ते टीव्हीच बघत होते.

मी कपाटातून माझं यंत्र काढून दिलं. पिनही सांगितला. त्याने माझ्याच लॅपटॉपला ते लावलं, माझा फोन घेऊन त्यात काहीतरी टाकलं. मग मान वर करून म्हणाला, "इथे अजून एक सही मागतंय."

त्यानंतर थोड्या वेळाने ते गेले. आबांना काही केलं नाही.

शुक्रवारी फोन घरीच ठेवून मी पोलिसांकडे गेले. कुंडलिक म्हणून अधिकारी आहेत, त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं. मी म्हटलं, साहेब, माझ्याकडे बॅकअपचे शब्द आहेत, त्यांनी यंत्राशिवायही माझी सही होते, मी इथून आणि भाऊ तिथून सही करतो, पैसे दुसरीकडे हलवतो. ते म्हणाले, "हलवाल, पण त्यांनाही त्याच मिनिटाला दिसेल ना? आणि तुमचं घर त्यांना माहीत आहे. आधी माणसं हलवा." म्हणून आबांना हलवलंय. कुठे ते लिहीत नाही, मावशींना ठाऊक आहे. मी पण उद्या निघतेय. आता घरात बेल वाजली तरी मी हलत नाही. काल कचरेवाली होती. तिचा आवाज ओळखीचा होता, तरी दार उघडलं नाही.

प्रीत्या, ते का गेले हे मी वर लिहिलं नाही. हे पान दोनदा फाडलं.

तो तरुण म्हणाला, "दुसरी सही कुणाची?" मी गप्प राहिले. मागच्याने बोटं आवळली आणि आबांना खोकला आला. मी तुझं नाव सांगितलं. गाव विचारलंच नाही त्यांनी. हसला तो. "तो कासववाला?" म्हणाला.

आबांनी ऐकलं. ते गेल्यावर एवढंच बोलले, "माझा काय ता झाला असता. पोराचा नाव कित्याक घेतलंस?" तेव्हापासून माझ्याशी तेलाच्या बाटलीपलीकडे बोललेले नाहीत.

तू ते यंत्र घेऊन सरळ पोलीस स्टेशनला जा. कुंडलिकसाहेबांचा नंबर मावशी तोंडी सांगतील. पण त्याआधी ते लोक तुझ्यापर्यंत पोचले तर देऊन टाक. शूरपणा करू नकोस. तुला मी ओळखते, म्हणून सांगते. ते पैसे माझे आहेत आणि मला नकोत.

तुझं नाव घेणारी,
ताई

वेंगुर्ले,
बुधवार

ताई,

मावशी लगेच परत निघाल्यात, त्यांच्याच हाती देतोय.

ते आले होते. मावशी पोचायच्या आदल्या दिवशी, भर दुपारी किनाऱ्यावर. मी जाळी बांधत होतो. आम्ही पेपरवाले, कासवांवर लिहायचंय, म्हणाले. मी खुशीत घरट्यांकडे घेऊन गेलो. तिथे आजूबाजूला कोणी नव्हतं. मग त्यांच्यातल्या एकाने मोबाइलवर आबांचा फोटो दाखवला. खुर्चीत बसलेले, मागे कुणाचा तरी हात. म्हणाला, "ताईने तिचं दिलं. आता तू दे."

मी त्यांना घरी नेलं, यंत्र काढून दिलं, पिन सांगितला. त्यांनी तिथेच बसून सही केली, माझा खांदा थोपटला आणि गेले. तुला फोन लावणार होतो, पण तो म्हणालेला, लावू नकोस, आम्हाला ऐकू येतं. म्हणून रात्रभर आबा जिवंत आहेत की नाही तेच मला ठाऊक नव्हतं. मावशी आल्या तेव्हा मी त्यांना आधी तेच विचारलं.

तू लिहिलंस, देऊन टाक. मी ते वाचायच्या आधीच दिलं होतं.

पोलिसांत गेलो. कुंडलिकसाहेबांशी इथल्या पोलीस स्टेशनच्याच फोनवरून बोललो. इथले एक हवालदार मला स्क्रीनवर दाखवत होते, पैसे या पत्त्यावरून त्या पत्त्यावर, तिथून पुढे. सगळं दिसतं गं. फक्त माणूस दिसत नाही. साहेब म्हणाले, शोधू, पण वेळ लागेल. पोस्ट काढली, पण ती कुणी कुणी पाहिली ते कोण सांगणार? अंगणात बाइक थांबली की मी मागच्या दाराशी जातो.

आबांना माझं एवढं सांग. तू माझं नाव घेतलं नसतंस आणि त्यांना काही झालं असतं, तर मी तुझं तोंड पाहिलं नसतं. त्यांच्याशी बोलत राहा, ते बोलले नाहीत तरी.

खाली नाव लिहीत नाही. अक्षर ओळखशील.